चंदीगडहून चंदीगडला

नाशिकला थंडी पडायला लागली, की वर्तमानपत्राच्या आधी माझ्या उजव्या घोट्याला कळतं. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना आत कुठेतरी बारीकशी कळ येते, आणि ती ओसरेपर्यंत मी तशीच बसून राहते. मुलगी फोनवर म्हणते, डॉक्टरांना दाखव. मी हो म्हणते आणि दाखवत नाही. खरं सांगायचं तर ती कळ मला हवीशी वाटते. ती आली की खिडकीबाहेरचं नाशिक मागे सरतं, दाट धुकं उतरतं, निलगिरीच्या झाडांचा ओला, औषधी वास येतो आणि दाराबाहेरून कुणीतरी सातारी ठसक्यात हाक मारतं, "वैनी, उठलायसा न्हवं?"

चंदीगडला आम्ही तीन वर्षं होतो, म्हणजे तीन हिवाळे काढले असणार. त्यातले दोन कुठे गेले, मला ठाऊक नाही. आठवतो तो एकच.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. अविनाश, माझा नवरा, केंद्र सरकारच्या नोकरीत. बदलीवर तिकडे गेलो, तेव्हा आम्हाला क्वार्टर्समध्ये तळमजल्यावरचं घर मिळालं. चार इमारती, मधोमध मैदान, मैदानाभोवती विटांची पायवाट आणि सगळ्याला वेढून डोक्याएवढी भिंत. एकच फाटक. संध्याकाळी पाच वाजले की ते बंद व्हायचं. शहर किती देखणं होतं, हे सांगायला शब्द कमी पडतील. रुंद, सरळ रस्ते, चौकाचौकांत फुलांनी भरलेली गोल वर्तुळं, पाऊस पडून गेला की उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या हात लावाव्या इतक्या जवळ यायच्या. आणि त्याच वर्तुळांच्या कडेला वाळूची पोती रचून शिपाई बसलेले असायचे. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे वाक्य बसमध्ये, बाजारात, शाळेच्या फळ्यावर, सगळीकडे वाचून वाचून आमच्या नऊ वर्षांच्या मुग्धाला पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की आधी आकडा ऐकायचा. आज किती मारले गेले. मग चहा.

माझ्या घोट्याची गोष्ट त्याच आकड्यांतली, पण हसू यावं अशी. राखीच्या आदल्या आठवड्यात मी आणि मुग्धा सेक्टर बावीसच्या बाजारात गेलो होतो. एका दुकानाच्या पायरीवर कुणाची तरी कापडी पिशवी राहिलेली. कुणीतरी ओरडलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. एक हातगाडी उलटली, माझ्या मुठीत मुग्धाचं मनगट, आणि मग फरशीवर माझा गाल. माझ्या पायावरून किती माणसं गेली, कोण जाणे. तासाभराने बॉम्बशोधक पथक आलं, त्यांनी पिशवी उघडली, तर आत दोन किलो भेंडी.

घोटा तीन ठिकाणी मोडला होता. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला, नाहीतर पाय असाच राहील. मी मान डोलावली. पण फाटकाशी पोचले की माझे तळवे घामेजायचे. स्कूटरवरून अविनाशच्या मागे बसून शाळेत, दवाखान्यात जायचे; पण आपल्या पायांनी त्या फाटकाबाहेर पडणं मला जमेना. शेवटी मी आतल्या मैदानाला फेऱ्या घालू लागले. काठी टेकत, भिंतीच्या कडेने.

तिथे मला कदमकाका भेटले. म्हणजे ते शेजारच्याच इमारतीत राहायचे, मुलाकडे. मुलगा अविनाशच्याच ऑफिसात कारकून होता. काका फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सातारा जिल्ह्यातले. जवानांना पीटी शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. दोन दिवस त्यांनी गॅलरीतून माझं चालणं पाहिलं. तिसऱ्या दिवशी खाली आले आणि माझ्या बाजूने चालू लागले.

"वैनी, खाली काय बघताय? जमीन कुठं पळून जात न्हाई. समोर बघा. टाच आधी, मग चवडा."

"दुखतंय काका."

"दुखनारच. दुखतंय म्हंजे पाय हाय अजून."

त्याच सुमारास पंजाबातल्या एका गावात सकाळी बागेत फिरायला आलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्याची बातमी आली. आमच्या क्वार्टर्समधल्या सात-आठ बायका रोज पहाटे सुखना तळ्यावर फिरायला जायच्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं जाणं थांबलं. कुणी काही ठरवलं नाही. नवऱ्यांनी नको म्हटलं, सासवांनी नको म्हटलं, आणि खरं तर त्यांनाही नकोच होतं. त्याही आतल्या मैदानात येऊ लागल्या. गळ्याभोवती शाली, पायांत कापडी बूट, आणि बोलणं कमी. घाण्याला जुंपल्यासारख्या आम्ही गोल गोल फिरायचो.

त्यांच्यात हरजीत कौर होती. तिसऱ्या मजल्यावर राहायची, सरकारी शाळेत भूगोल शिकवायची. उंच, सावळी, बोलताना भुवया उंचावणारी. तिच्या बरोबर तिची सासू, जिला सगळं आवार बीजी म्हणायचं. बीजींचं वय सत्तरच्या पुढे, पांढरी सलवार-कमीज, डोक्यावर पांढरी ओढणी, आणि चालताना दोन्ही हात मागे बांधलेले. एका सकाळी मुग्धा शाळेची बस येईपर्यंत पायरीवर बसून आमच्याकडे पाहत होती. ती घरातसुद्धा आमच्या मराठीला हिंदीतून उत्तरं द्यायची. म्हणाली, "मम्मी, आप लोग रोज इतना चलते हो, पहुँचते कहाँ हो?"

मी हसले. हरजीत मात्र थांबली. भुवया वर. "सवाल तो ठीक है," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेतून जगाचा एक जुना, कापडाला चिकटवलेला नकाशा आणला आणि पाण्याच्या पंपाच्या खोलीच्या भिंतीवर टांगला. चंदीगडवर एक टाचणी टोचली. मग पट्टीने चंदीगडच्याच अक्षांशावरून पश्चिमेकडे पेन्सिलीची रेघ ओढत गेली. नकाशाच्या डाव्या कडेला रेघ संपली, तिने ती उजव्या कडेला पुन्हा धरली आणि चीन, तिबेट करत परत चंदीगडला आणून मिळवली. "आपल्या शहराची पृथ्वी एवढीच," ती म्हणाली, "विषुववृत्तापेक्षा थोडी लहान. साडेचौतीस हजार किलोमीटरच्या आतबाहेर. सगळ्यांच्या चालण्याची बेरीज करायची. कब तक लौटेंगे?"

बीजींनी क्षणभरही विचार केला नाही. "बैसाखीला. बैसाखीला सगळे घरी येतात."

बैसाखी एप्रिलच्या मध्याला येते आणि त्याच महिन्यात आमची बदली व्हायची होती, म्हणून मलाही ते पटलं. कदमकाकांनी सुतळीने पायवाट मोजली. अडीचशे मीटर. चार फेऱ्यांचा एक किलोमीटर. मोजायचं कसं, यावरही त्यांनीच तोड काढली. उजव्या खिशात राजम्याचे दाणे घ्यायचे, एक फेरी झाली की एक दाणा डाव्या खिशात. जाताना पंपाच्या खोलीत हरजीतच्या वहीत आकडा सांगायचा. "खोटं सांगितलं तर काय?" कुणीतरी विचारलं. काका म्हणाले, "मग समुद्रात बुडशीला. मला काय त्याचं."

पहिल्या दिवशी आम्ही अकरा जणी होतो, आणि काका.

रेघेवर पहिलं मोठं गाव लाहोर. सरळ अक्षांश धरला तर ते किंचित वर राहतं. हरजीतने बीजींसाठी रेघ तेवढी वाकवून घेतली होती. तिथून थोडं अलीकडे बीजींचं माहेर. फाळणीत त्यांनी ते सोडलं तेव्हा हरजीतचा नवरा, गुरमीत, सहा महिन्यांचा होता. त्यानंतर कधी जाणं झालं नाही. पाचव्या दिवशी सकाळी हरजीतने आकडा मिळवला आणि हळूच म्हणाली, "बीजी, आज आपण चार फेऱ्यांत पोचतो."

त्या चार फेऱ्या बीजी एकट्या चालल्या. आम्ही सगळ्या कडेला उभ्या. धुकं अजून सुरू झालं नव्हतं, कोवळं ऊन पडलं होतं आणि त्या मागे हात बांधून, नेहमीच्याच चालीने, मध्येच ओठ हलवत चालत होत्या. चौथी फेरी संपली तेव्हा पायवाटेच्या एका वाकड्या विटेपाशी थांबल्या. "इथे," त्या पंजाबीत म्हणाल्या, "इथे विहीर. विहिरीला लागून बोर. इकडे आमचं दार." वाकून त्यांनी विटेला हात लावला, तो कपाळाला लावला. मग आमच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही सगळ्या अशा रडताय का? माझ्या गावी आलाय. गूळ खाऊन जा."

खरंच त्यांनी गूळ आणला होता. ओढणीच्या टोकाला बांधून.

त्या गुळाची बातमी चार इमारतींत फिरली. पुढच्या आठवड्यात आम्ही वीस झालो, दिवाळीनंतर पन्नास. ऑफिसातून आलेले पुरुष अंधार पडायच्या आत घाईघाईने दहा फेऱ्या मारू लागले. मुलं शाळेतून आली की दप्तरं पायरीवर टाकून पळायची. त्यांच्या खिशातले राजमे सगळीकडे सांडायचे आणि पुढे मार्चच्या सरींनंतर मैदानाच्या कडेला दोन-तीन वेल उगवून आले. बीजींनी एक जुना लाल स्वेटर उसवला. रोज आमचं जेवढं चालणं होई तेवढा तो लाल धागा नकाशावर पुढे सरके. सकाळी जिन्यात भेटलेली माणसं रेडिओचा आकडा सांगायच्या ऐवजी विचारू लागली, "आज कहाँ?" कंदाहार. कर्मान. बसरा. आमच्या मजल्यावरचे एक गंभीर अधिकारी, जे आजवर माझ्याशी फक्त पाण्याच्या टाकीविषयी बोलले होते, ते एकदा भाजीची पिशवी घेऊन थांबले आणि म्हणाले, "परसों काहिरा पहुँच जाएँगे, भाभी जी." जणू कैरोचं आरक्षण झालंय.

आज मी विचार करते, की आम्ही इतकी मोठी माणसं त्या खेळात एवढी का रमलो. आम्ही कुठेही जात नव्हतो हे कुणाला कळत नव्हतं? सगळ्यांना कळत होतं. पण भीतीनेही माणूस गोल गोलच फिरतो, तेच तेच घोकत राहतो. निदान या फिरण्यात उद्या कालच्यापेक्षा पुढे असायचा. हरजीत रोज नकाशाशेजारी टांगलेल्या फळ्यावर त्या त्या मुलखाची दोन वाक्यं लिहायची: इथे पाऊस किती पडतो, माणसं काय पिकवतात. सहारा ओलांडायला आम्हाला पंधरा-सोळा दिवस लागले, आणि बाहेर असं धुकं, की समोरची बाई फक्त तिच्या खोकल्यावरून ओळखू यायची.

काठी मी इजिप्तमध्ये सोडली. नाताळात आम्ही अटलांटिकच्या मध्यावर होतो आणि मी रोज सहा किलोमीटर चालत होते. हात गार पडलेले, नाक लाल, तोंडातून वाफ, आणि अंगात एक नवीच ऊब. चालून आल्यावर उन्हात बसून संत्र्यासारखे ते मोठे किन्नू सोलायचे, भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, गाजरं किसायची. कदमकाका मुलांना रांगेत उभं करून कवायत शिकवायचे. एकदा त्यांनी मला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. मी तीन मारल्या. "फौजेत घेतलं तुमास्नी," ते म्हणाले, आणि मला शाळेतल्या बक्षीस समारंभानंतर इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग फेब्रुवारी आला. आम्ही अमेरिका ओलांडून पॅसिफिकमध्ये शिरलो होतो. नकाशावर इथे नुसता निळा रंग, नाव घ्यायला गाव नाही, आणि धागा रोज सरकूनही सरकला नाही असा वाटायचा. एका दुपारी, चहाच्या वेळेला, पोलिसांची जीप फाटकातून आत आली. दोन शिपाई तिसऱ्या मजल्यावर गेले आणि गुरमीतला बरोबर घेऊन खाली आले. तो ऑफिसच्या कपड्यांतच होता. पगडी नीट, चेहरा पांढरा. जीपमध्ये बसताना त्याने वर गॅलरीकडे पाहिलं, आणि मग चारी इमारतींच्या गॅलऱ्यांकडे. आम्ही सगळे उभे होतो. कुणी हात हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला. ते शोधत होते त्या स्कूटरच्या आणि याच्या स्कूटरच्या नंबरात एका आकड्याचा फरक होता. चौकशी केली, चूक लक्षात आली, सोडून दिलं. एवढंच.

पण ते एवढंच राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हरजीत आणि बीजी नेहमीप्रमाणे खाली आल्या. कुणी वाईट शब्द बोललं नाही, हे मी शपथेवर सांगते. फक्त त्या जवळ आल्या की पुढच्या बायका भरभर चालायच्या आणि मागच्या हळू व्हायच्या. त्या दोघींच्या पुढेमागे मोकळी पायवाट राहू लागली. मी बाकाशी होते. हरजीत माझ्याकडे येताना मला दिसली. मी खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधायला घेतली. सुटलेली नव्हती. मी ती सोडली आणि पुन्हा बांधली. मान वर केली तेव्हा त्या पुढे गेल्या होत्या. तीन फेऱ्या झाल्यावर दोघी जिना चढून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी निम्मी माणसं आली नाहीत. वही उघडायला हरजीत नव्हती. धागा होता तिथेच थांबला.

एकटे कदमकाका चालत होते. मी गॅलरीतून पाहिलं की ते मान फिरवायचे.

चौथ्या संध्याकाळी जेवताना अविनाश म्हणाला, "तू हरजीतकडे जाऊन आलीस का?" मी म्हटलं, "जाईन. पण आपल्याला तरी काय माहीत? काहीतरी असल्याशिवाय उगाच कुणाला नेतील का?"

मुग्धाने पोळीचा घास हातातच ठेवला. "मम्मी," ती म्हणाली, "उस थैले में भी तो भिंडी निकली थी."

मी उठले, हात धुतले आणि चपला घातल्या.

तीन मजले चढताना घोटा दुखला, आणि तो दुखतोय याचं मला बरं वाटलं. दार बीजींनी उघडलं. आत कुकरची शिट्टी होत होती, घरात वरणाचा वास. गुरमीत खिडकीशी वर्तमानपत्र धरून बसला होता, पान उलटत नव्हता.

"चार दिवस झाले, पुत्तर," बीजी म्हणाल्या.

"हां जी."

हरजीत स्वयंपाकघरातून आली. हात पुसत दारातच थांबली. भुवया सरळ. "शुभा जी," ती म्हणाली, "आपके जूते का फीता बहुत लंबा है. बाँधने में चार दिन लग गए."

मला वाटलं होतं मी काहीतरी नीट बोलेन, कारण सांगेन. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मी घाबरले. मी घाबरले, आणि मी तुझ्याशी वाईट वागले. मला माफ कर." हे मी मराठीत बोलले. हिंदी त्या क्षणी सुचलीच नाही. तिला मराठी येत नव्हती, पण मला वाटतं तिला सगळं कळलं, कारण ती वळली आणि गॅसवर चहाचं भांडं चढवलं. कपबशा जरा जोराने आपटत. तो चहा खूप गोड होता. गुरमीतने शेवटी वर्तमानपत्राची घडी घातली आणि विचारलं, "भाभी जी, कुठपर्यंत आलाय आपण?"

"पॅसिफिकमध्येच," मी म्हटलं. "थांबलोय."

"तुम्ही थांबलाय," बीजी म्हणाल्या. त्यांनी कमीजच्या खिशातून मूठभर राजमा काढून माझ्या ओंजळीत ओतला. चार दिवस त्या घराच्या गॅलरीत चालत होत्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत सात पावलं. दर शंभर येरझाऱ्यांना एक दाणा. "लिहून घे. समुद्रात थांबलं की माणूस बुडतो, तुमचा फौजी म्हणाला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांना खाली घेऊन आले. बीजींचा हात माझ्या हातात, हरजीत माझ्या दुसऱ्या बाजूला. धुक्यात पायवाटेवर आठ-दहा माणसं होती. आमची पहिली फेरी तशीच, मोकळ्या वाटेवरची. दुसऱ्या फेरीला कदमकाका समोरून आले, टाचा जुळवून थांबले, बीजींना कडक सॅल्यूट केला आणि त्यांच्या बाजूने चालू लागले. पुढच्या फेरीला ते पाण्याच्या टाकीवाले अधिकारी आले. मग त्यांची बायको. हळूहळू पुढची माणसं हळू झाली आणि मागची भरभर चालू लागली. फिरणं संपल्यावर हरजीतने वही उघडली तेव्हा तिचं अक्षर जरा वाकडं येत होतं.

आता मात्र आम्ही मागे पडलो होतो. बैसाखीला परत यायचं तर रोज पावणेतीनशे किलोमीटर व्हायला हवे होते, इतके आमच्याने कधीच झाले नव्हते. कदमकाकांनी सगळ्यांना मैदानात बोलावलं आणि हिंदीत भाषण केलं, तीन वाक्यांचं. "जिसको शक है वो घर बैठे. बाकी सब एक-एक किलोमीटर बढ़ाओ. मैं दो बढ़ाता हूँ."

मार्च हा माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर महिना असेल. धुकं एका आठवड्यात विरलं. सावरीची लाल, जाड फुलं रस्त्यावर थपाथप पडू लागली, कांचनाची झाडं गुलाबी झाली. मुलांच्या परीक्षा होत्या. ती पुस्तकं हातात घेऊन चालायची, आणि मैदानाला फेरी घालताना एकाच वेळी पानिपतची लढाई, फुलाचे भाग आणि सतराचा पाढा कानावर पडायचा. गुरमीत रविवारी चाळीस फेऱ्या मारायचा, त्याच्या मागे पोरांची शेपटी. होळीला आम्ही चीनच्या किनाऱ्याला लागलो. कुणीतरी नकाशावरच्या शांघायला गुलाल लावला. पावणेतीनशे झाले. एक दिवस तीनशे झाले. बीजींनी दुसरा स्वेटर उसवायला काढला, तेव्हा गुरमीत म्हणाला, "बीजी, हा माझा चांगला आहे." त्या म्हणाल्या, "चालतोस ना? मग ऊब आहे तुला."

बैसाखीच्या दोन दिवस आधी तिबेट संपलं, हिमाचल सुरू झालं. घर दोनशे किलोमीटरवर. संध्याकाळी पंपाच्या खोलीपुढे सगळे जमलेले असताना हरजीत म्हणाली, "हे शेवटचे दोनशे आपण इथे चालायचे नाहीत. पूरी दुनिया घूम के अपने ही शहर में दीवार के पीछे पहुँचेंगे क्या? तळ्यापर्यंत पाच किलोमीटर आहेत. चाळीस माणसं निघाली तर दोनशे होतात."

आवाराचे सेक्रेटरी भल्लाजी, चांगला माणूस, चष्मा पुसत म्हणाले, "और कुछ हो गया तो? ज़िम्मेवारी कौन लेगा?"

प्रश्न खोटा नव्हता. त्या वर्षी तो विचारणारा माणूस वेडा नव्हता, तो न विचारणाराच वेडा ठरला असता. कदमकाका म्हणाले, "भल्ला साहब, आगे मैं चलूँगा. पीछे आप चलिए. बीच में सब ठीक रहेगा."

बैसाखीच्या सकाळी साडेपाचला सेहेचाळीस माणसं मैदानात होती. काकांनी मोजली. फाटक उघडलं गेलं. अविनाश माझ्याकडे पाहत होता, पण त्याने हात पुढे केला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे. तळवे ओले झाले. समोर सरळ, रिकामा, झाडांनी झाकलेला रस्ता, आणि त्याच्यावर नुकतं उजाडलेलं. मी टाच टेकवली, मग चवडा. मग दुसरा पाय. आठ महिन्यांनी मी माझ्या पायांनी रस्त्यावर होते. पन्नास पावलं गेल्यावर मला कळलं, की मी श्वास रोखून धरलाय. मी तो सोडला. मुग्धा पुढे पळाली आणि मी तिला हाक मारली नाही.

तिसऱ्या चौकात नाका होता. पोत्यांमागून एक तरुण शिपाई बाहेर आला, इतकी माणसं पाहून गोंधळला, हात आडवा केला. "किधर जा रहे हो सब?"

भल्लाजी मागून धावत येईपर्यंत बीजी पुढे झाल्या होत्या. "जा नहीं रहे, पुत्तर. आ रहे हैं. दुनिया का चक्कर लगा के."

त्याने काकांकडे पाहिलं. काका गंभीरपणे म्हणाले, "सच है. छह महीने लगे."

शिपायाच्या चेहऱ्यावर हसू यायला वेळ लागला, पण आलं. त्याने लोखंडी अडसर उचलून धरला. आम्ही एकेक करून त्याखालून गेलो, आणि शेवटचे भल्लाजी गेले तेव्हा त्याने त्यांना विचारलं म्हणे, "बुज़ुर्ग थक गए हों तो पानी दूँ?"

पुढच्या सेक्टरांत लोक गॅलऱ्यांत येऊन पाहू लागले. इतकी माणसं पहाटे एकत्र चालताना कितीतरी दिवसांत कुणी पाहिली नव्हती. एका फाटकाशी नाइट गाऊनवर शाल घेतलेली एक बाई उभी होती. तिने विचारलं, "तळ्यावर जाताय? सगळे?" हरजीतने मान हलवली. ती बाई म्हणाली, "ठहरो, मैं चप्पल पहन लूँ." आम्ही थांबलो. ती आली, तिच्या मागे तिची बहीण आली. पुढच्या वळणावर दोन म्हातारे सरदारजी, काठ्या आपटत. मग एक जोडपं, बाबागाडीतल्या बाळासकट. कुणी कुणाला बोलावलं नाही. आम्ही चालत होतो, एवढंच त्यांना पुरत होतं.

तळं दिसलं तेव्हा सूर्य वर आला होता. पाणी निश्चल, त्यात शिवालिकच्या टेकड्या उलट्या, आणि काठचा तो लांबलचक रस्ता पार रिकामा, फक्त आमच्यासाठी झाडून ठेवल्यासारखा. बीजी पहिल्या पायरीवर बसल्या. गुरमीत त्यांच्या पायाशी बसला आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. कुणीतरी बोले सो निहाल म्हटलं, कुणीतरी गणपती बाप्पा मोरया, आणि दोन्हींना सगळ्यांनीच उत्तर दिलं. अविनाशचे डोळे पाणावले होते. तो म्हणाला, धूळ आहे.

हरजीतने सवयीने वही काढली. कदमकाका रांगेच्या टोकाला जाऊन डोकी मोजू लागले. मोजून झाल्यावर थांबले, परत मोजली, बोट दाखवत, एकेक.

"किती काका?" मी विचारलं.

"निघालो तवा सेहेचाळीस," ते म्हणाले. "आता त्र्याहत्तर. दोनदा मोजली, चूक न्हाई."

हरजीत गुडघ्यावर वही ठेवून आकडेमोड करत होती. वाटेत आलेल्यांचं चालणं वेगवेगळं होतं, कुणाचे तीन किलोमीटर, कुणाचा एक. तिने सगळं मिळवलं, बेरीज पुन्हा एकदा तपासली. मग तिच्या भुवया वर गेल्या, आणि ती हसायला लागली, इतकी की वही खाली पडली.

"क्या हुआ?" भल्लाजींनी काळजीने विचारलं.

"चंदीगड मागे राहिलं," ती म्हणाली. "पृथ्वी संपली, आणि आपण सत्तर किलोमीटर पुढे आलोय."